हृदयाचे ठोके चुकतात तेव्हा
(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते, खोडवा आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या वेळी विषय वेगळा घेतला आहे. गटाची बैठक संपून चहा आला की एखादा सभासद आम्हांस हळूच बाजूला घेतो आणि विचारतो, "साहेब, छातीत धडधडते, मधातच एखादा ठोका चुकल्यावानी वाटते, काय असन हे?" आम्ही डॉक्टर नाही, आमचा धंदा उसाचा. परंतु जाणत्या डॉक्टर मंडळींना विचारून आणि वाचून जे समजले ते आपल्या भाषेत मांडावे म्हणून हा लेख.

आपला कारखाना डोळ्यांसमोर आणा. गाड्या आवारात येतात, नंबराने वजनकाट्यावर जातात, तेथून गव्हाणीत आणि गव्हाणीतून मिलमध्ये. हृदयाचे जवळजवळ तसेच आहे. वरचे दोन कप्पे, ज्यांना शाळेच्या पुस्तकात अलिंद म्हणतात, ते आवार समजा. खालचे दोन कप्पे, म्हणजे निलय, ही मिल. खरा जोर मिलचा. उजवे निलय रक्त फुप्फुसांत पाठविते आणि डावे निलय साऱ्या अंगाला. उजव्या अलिंदाच्या वरच्या अंगास पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तेथून विजेची बारीक लहर सुटते, अलिंदांत पसरते, मधल्या एका गाठीशी क्षणभर, म्हणजे सेकंदाचा सुमारे दहावा भाग थांबते आणि मग निलयांत उतरते. ही मधली गाठ म्हणजे आपला वजनकाटा. वरचा माल पुरता खाली आल्याशिवाय मिल फिरू नये म्हणून तो थांबा आहे. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाचे एक लाख तीन हजारांवर ठोके होतात. इतका सलग हंगाम एकाही कारखान्याने काढलेला नाही, आमच्या चीफ इंजिनिअरांनी रागावू नये.

आता ठोका चुकणे म्हणजे काय, हे पाहण्याआधी नाडी मोजावयास शिका. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे ठेवा व घड्याळ पाहून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची घाई येथे उपयोगी नाही, कारण चूक नेमकी उरलेल्या पंचेचाळीस सेकंदांत असू शकते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे ६० ते १०० ठोके ठीक. कष्टाची सवय असलेल्या गड्याची नाडी पन्नाशीतही असते आणि त्याला काही होत नसेल तर ती चिंतेची बाब नव्हे. आकड्याइतकीच चालही पाहावी. टिक-टिक सारखी आहे, की मध्येच एखादा ठोका गळतो, की सगळीच चाल बेताल आहे?

मध्येच एखादा ठोका गळून पुढचा जोरात बसतो, हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. निलयातल्या एखाद्या ठिकाणाहून वेळेआधीच लहर सुटते. तो ठोका हलका पडतो, मग विसावा, आणि पुढचा ठोका भरून येतो. आपल्याला जाणवतो तो हा पुढचा. जागरण, तंबाखू, चहावर चहा, उन्हात घाम जाऊन किंवा जुलाब होऊन अंगातले क्षार कमी होणे, अशा कारणांनी तो वाढतो. हृदय निरोगी असेल तर बहुतेकांना यापासून धोका नसतो. परंतु हृदय निरोगी आहे हे आपण ठरवावयाचे नाही. एकदा ईसीजी आणि टू-डी एको करून घ्यावा. ईसीजी काढताना ठोका नेमका सरळ पडतो, पिकावरची कीड पाहणीच्या दिवशी दिसत नाही तसे. म्हणून डॉक्टर चोवीस तास अंगावर वागवावयाचे होल्टर नावाचे यंत्र लावतात. ते लावून घरी निजून राहू नये, रोजची कामे करावीत, म्हणजे खरे ते नोंदले जाते.

दुसरा प्रकार आवारातला. शिस्त मोडून शेकडो गाड्या एकदम काट्यावर धडकाव्यात, तशा अलिंदांत मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे लहरी उठतात. काटा जमतील तेवढ्या सोडतो, त्यामुळे नाडीला काही तालच उरत नाही. मिल कशीबशी चालते, माणूस हिंडतो-फिरतो, नुसता दम लागतो. खरे भय निराळेच आहे. थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साचून गाठ धरते, ती सुटून मेंदूत जाते आणि माणसाला लकवा मारतो. असा लकवा होण्याचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. आपल्याकडे तरुण वयातही हे दिसते, कारण लहानपणी घसा येऊन मागाहून सांधे सुजणारा ताप हृदयाच्या झडपा खराब करून जातो. पोराचा घसा दुखून ताप आला तर औषधाचा कोर्स पुरा करावा, तो यासाठीच.

अशा रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी देतात. झडप आकसलेली असेल तर वॉरफरिन किंवा त्याच जातीची जुनी गोळीच बरी, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतातील रुग्णांचाही समावेश असलेल्या मोठ्या अभ्यासात दिसून आले. नवी महाग गोळी म्हणजे चांगली गोळी, हा हिशेब येथे बसत नाही. वॉरफरिन चालू असताना आय.एन.आर. नावाची रक्ततपासणी ठरल्या वेळी करावी लागते. मेथी, पालक, चवळाई बंद करू नये. रोजच्या मानाने सारखी खावी, आठ दिवस मुळीच नाही आणि नवव्या दिवशी गंजभर, असे नको. अंगदुखीची गोळी मेडिकलातून परस्पर घेऊ नये, पोटात रक्तस्राव होतो. काढा, भस्म चालू असेल तर डॉक्टरांना सांगावे, लाजू नये. आणि कोयता लागला तर स्वच्छ फडके घट्ट दाबून दहा-पंधरा मिनिटे सोडू नये, दर मिनिटाला उचलून पाहू नये. या गोळीवर असलेल्या माणसाने तोडणीत उतरूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. बांधावर उभे राहून देखरेख करावी.

तिसरा प्रकार काटाच बंद पडण्याचा. वरची लहर खाली पोचत नाही, मग निलय आपल्याच मनाने मिनिटाला तीस-चाळीस ठोके देत राहते. डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस उभ्याउभ्या पडतो. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, सलाईन लावा. असे पडणे सलाईनने थांबत नाही, त्याला बहुधा पेसमेकर लागतो. गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसणारे हे यंत्र महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट आहे. आपल्या भागातून बहुतेकांना त्यासाठी अकोल्यास किंवा छत्रपती संभाजीनगरास जावे लागते. जाताना रेशनकार्ड व आधारकार्ड विसरू नये. जगातील पहिला असा पेसमेकर १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना बसविला. पहिले यंत्र काही तासच चालले, पण यंत्रे बदलत बदलत ते २००१ सालापर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले.

पेसमेकर असलेल्यांना शेतात काय चालते, हा प्रश्न फार विचारला जातो. ट्रॅक्टर, मिक्सर, टी.व्ही. चालतात. मोबाईल शर्टाच्या त्या बाजूच्या खिशात नको, दुसऱ्या कानाला लावावा. आर्क वेल्डिंगपासून दूर राहावे, अवजार जोडावयाचे तर दुसऱ्याकडून जोडून घ्यावे. चालू इंजिनाच्या कॉईलवर किंवा मोटारीवर छाती टेकवून वाकू नये. यंत्र बसविल्यावर सुरुवातीचे काही आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये व भारे उचलू नयेत. यंत्राचे कार्ड पाकिटात ठेवावे. आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही, ती आम्ही लिहितो. पेसमेकर असलेला माणूस वारला तर अग्नी देण्यापूर्वी डॉक्टरांकडून ते काढून घ्यावे लागते, नाही तर बॅटरीचा स्फोट होतो.

आता खुद्द मिलचे बिघाड. पूर्वी हृदयविकाराचा झटका आलेला असेल तर निलयाच्या भिंतीत मेलेल्या मांसाचा वण राहतो. पाटात दगड आडवा पडला की पाणी त्याच्याभोवती भोवरा घेते, तशी लहर त्या वणाभोवती फिरू लागते आणि नाडी एकदम दीडशे-दोनशेवर जाते. काही वेळाने आपोआप थांबेल म्हणून वाट पाहू नये. धडधडीबरोबर अंधारी, घाम, छातीत दुखणे किंवा दम असेल तर त्याच घटकेला १०८ ला फोन करावा. ज्यांना हे पुन्हा होण्याचा संभव आहे त्यांना छातीत धक्का देणारे यंत्र बसवितात. निलय अशक्त झालेल्या माणसाने ठेचा, पापड, लोणचे यांतले मीठ आवरावे आणि रोज सकाळी वजन करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते मांस नव्हे, पाणी साचले आहे. डॉक्टर सांगेपर्यंत अशाने एकट्याने रात्री पाणी धरावयास जाऊ नये, विहिरीच्या काठावर उभे राहू नये, ट्रॅक्टर चालवू नये.

परंतु धडधाकट माणसाचे निलयही आपल्या रानातल्या दोन गोष्टींनी बिघडते. पहिली म्हणजे विंचू. मोठा काळा विंचू दिसावयास भयंकर, पण जिवाला धोका असतो तो लहान तांबड्या विंचवाचा. दंशाच्या जागी कळा फार असतील तर एक वेळ बरे. उलटी, अंगभर घामाचे लोट, हातपाय गार, तोंडाला लाळ ही खूण दिसली की विष हृदयावर चालले आहे असे समजावे. रक्तदाब चढतो, ठोके चुकू लागतात, डावे निलय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. शेजारच्या जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा असे रुग्ण डोळ्यांदेखत जात. त्यांनी एकेका रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी यावर लागू पडते हे दाखविले. १९८६ साली ते 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. प्राझोसिनला विंचवाच्या लसीची जोड दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हेही त्यांनी २०११ साली प्रसिद्ध केले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही गोळी घरी ठेवून आपल्या मनाने द्यावयाची नाही, तिने रक्तदाब एकदम उतरतो. रुग्णाला दवाखान्यात न्यावयाचे, आणि उताऱ्यासाठी वाट वाकडी करावयाची नाही.

पाचट जाळू नका, सरीत ठेवा, असे आम्हीच सांगतो आणि पुढेही सांगणार. जमिनीला ते हवेच. मात्र पाचटात पाय घालताना गुडघ्यापर्यंतचा बूट, हातात बॅटरी, आणि सकाळी बूट झटकून घालणे एवढे करावे.

दुसरी गोष्ट वीज. हृदय विजेच्या लहरीवर चालते, म्हणून बाहेरची वीज त्याला सर्वांत लवकर बिघडविते. छातीतून आरपार गेलेला शंभर मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह निलयाची नुसती थरथर करून सोडण्यास पुरतो. मिल हलते, पण रस पडत नाही. साठ वॅटचा जुना दिवा पेटावयास याच्या दुपटीहून अधिक प्रवाह लागतो, यावरून काय ते समजा. रात्रीची वीज, ओले पाय, अंधारात चाचपडत स्टार्टरला लावलेला हात, हे आपल्याकडे नवीन नाही.

असा माणूस पडला तर प्रथम वीज बंद करावी. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून अलग करावे. मात्र खांबावरची तुटलेली तार असेल तर जवळही जाऊ नये, लाईन बंद करवून घ्यावी. हाक मारून हलवून पाहावे. शुद्ध नाही आणि श्वास नाही, किंवा नुसते आचके आहेत, तर दुसऱ्याला १०८ लावावयास सांगून आपण छातीच्या मधोमध, एका तळहातावर दुसरा ठेवून, कोपर ताठ करून दाबावयास लागावे. दोन ते सव्वादोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी. थकवा येतो, म्हणून दोन-दोन मिनिटांनी माणूस बदलावा. पाणी पाजणे, अंगाला माती चोळणे यात वेळ घालवू नये. हातावर हात धरून गेलेल्या दर मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी होते. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये.

आणि लागणीच्या कामाला लागण्यापूर्वी मोटारीचे अर्थिंग तपासून घ्यावे, स्टार्टरपुढे कोरडी लाकडी फळी किंवा रबरी पट्टा टाकावा, ३० मिलिअँपिअरला तुटणारा ई.एल.सी.बी. बसतो का ते वायरमनला विचारावे. ऑटो लावलेली मोटार वीज येताच आपोआप सुरू होते, तेव्हा दुरुस्तीला बसण्यापूर्वी मेन बंद करून किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत.

पुढील अंकी खोडव्यातील नांगे भरण्याविषयी लिहू.