कुत्रं चावलं, तर मालकाची जबाबदारी किती?

केळापूर तालुक्यात शेतावर राखणीला कुत्रं असणं नवं नाही. ते वाटसरूला चावलं की पहिलं उत्तर ठरलेलं: ‘आमचं नाही, असंच येतं.’ कायदा मात्र जनावर कुणाच्या ताब्यात होतं, ते पाहतो; पट्टा किंवा पावती असलीच पाहिजे असं नाही.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार, ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला संभाव्य धोका किंवा गंभीर दुखापतीची शक्यता असताना पुरेशी काळजी न घेणं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 289 मध्ये दंड जेमतेम हजार होता. उपचारखर्च आणि बुडालेली मजुरी मागायला दिवाणी दावा वेगळा. मुंबईत 2010 मध्ये रॉटवायलर चावल्याच्या खटल्यात गिरगावच्या न्यायालयाने 2023 मध्ये मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. निकालाला तेरा वर्षं!

खटला इतका लांबू शकतो, म्हणून पुरावा पहिल्या दिवसापासून हवा. चावल्यावर जखम आधी साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवावी, लगेच सरकारी दवाखान्यात लस घ्यावी. तिथला केसपेपर जपून ठेवावा. तक्रारीला तोच पुरावा.