पूर्वजांचे दफ्तर

ज्या समाजाच्या माणसांना जहाजांच्या तळाशी साखळदंडांनी जखडून समुद्रापार नेले, ज्यांची नावे, भाषा आणि कुलाचार मळ्यांच्या मालकांनी पुसून टाकले, आणि ज्यांच्या नातवंडांना पुढे शाळेत ‘तुम्हांला इतिहासच नाही’ असे शिकवण्यात आले, त्या समाजाने आपले पूर्वज शोधावयाचे तरी कोठे? हेगेलसारख्या तत्त्ववेत्त्याने आफ्रिका खंडाला जगाच्या इतिहासाबाहेर बसवले, आणि पाश्चात्त्य विद्यापीठांनी तो निवाडा बहुतांशी कायम केला. त्या निवाड्याविरुद्ध अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी जी दाद मागितली, तिचा साक्षीपुरावा गोळा करणाऱ्यांत आर्तुरो शॉम्बर्ग ह्यांचे स्थान मला अग्रगण्य वाटते.

शॉम्बर्ग ह्यांचा जन्म १८७४ सालचा, पोर्तो रिको बेटावरचा. कृष्णवर्णीयांत थोर पुरुष झालेच नाहीत, असे एका शिक्षकाने बालपणी सांगितले, आणि ते शल्य घेऊन हा मुलगा आयुष्यभर शोध करीत राहिला, अशी कथा प्रसिद्ध आहे. १८९१ साली ते न्यूयॉर्कला आले. विद्यापीठाची पदवी नाही, वडिलोपार्जित संपत्ती नाही. १९०६ पासून १९२९ पर्यंत त्यांनी एका बँकेच्या टपाल खात्यात नोकरी केली आणि पगारातून जुनी पुस्तके, पत्रे, पंचांगे, चोपडी व चित्रे विकत घेतली.

ह्या संग्रहातील एकाच पुस्तकाकडे जरा थांबून पाहू. १७६१ साली पश्चिम आफ्रिकेतून एक मुलगी बॉस्टनला विक्रीस आली. तिचे दुधाचे दात पडत होते, त्यावरून तिचे वय सात-आठ वर्षांचे ठरवले गेले. ज्या जहाजातून ती आली, त्याचेच ‘फिलिस’ हे नाव तिला देण्यात आले, आणि आडनाव मालकाचे, व्हीटली. बारा वर्षांनी, १७७३ मध्ये, तिचा इंग्रजी काव्यसंग्रह लंडनला छापला गेला. पण कवितांच्या आधी बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठितांचे, खुद्द गव्हर्नरासह, एक प्रशस्तिपत्र छापावे लागले, की ह्या कविता खरोखर ह्याच मुलीने लिहिल्या आहेत. कवयित्रीला आपल्या कवितेसाठी अठरा जामीन द्यावे लागावेत, ह्या एका पानात त्या काळाचा अन्याय जितका स्पष्ट दिसतो, तितका मोठमोठ्या ग्रंथांतही क्वचितच दिसतो.

१९२६ साली हा संग्रह, ज्यात पाच हजारांहून अधिक पुस्तके होती, कार्नेगी निधीच्या दहा हजार डॉलरांतून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या हार्लेममधील शाखेसाठी खरेदी झाला, आणि शॉम्बर्ग स्पेनच्या प्रवासास निघाले. तेथे त्यांना हुआन दे पारेहाचा माग काढावयाचा होता. हा पारेहा चित्रकार वेलास्केसचा गुलाम. १६५० साली रोम येथे मालकाने त्याच्या मुक्ततेचा दस्तऐवज करून दिला, तोही आणखी चार वर्षे चाकरीच्या अटीवर. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील, सेंट मॅथ्यूच्या पाचारणाचा प्रसंग दाखवणाऱ्या १६६१ च्या त्याच्या भव्य चित्रात डाव्या कडेला एक सावळा, रुबाबदार पुरुष आपल्याकडे रोखून पाहत उभा आहे आणि त्याच्या हातातील कागदावर चित्रकाराची सही आहे. तो पारेहा स्वतःच होय. हे चित्र पाहण्यासाठी टपाल खात्यातला एक कारकून अटलांटिक ओलांडून गेला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

शॉम्बर्ग ह्यांनी १९२५ च्या आपल्या निबंधात पोकळ स्तुतिपाठकांचीही गय केली नाही. गौरवाच्या आरोळ्या नकोत, कागदपत्रे हवीत, असा त्यांचा आग्रह होता. तरीही राजे, कवी आणि चित्रकार दाखवल्यावाचून मनुष्यत्वाचा हक्क शाबीत होऊ नये, हे दुःख उरतेच. ज्याने आयुष्यभर कापूस वेचला आणि ज्याचे नाव केवळ मालकाच्या मालमत्तेच्या यादीत गुराढोरांशेजारी राहिले, त्याचाही इतिहास असतो. कार्टर वुडसन ह्यांना हे पुरते ठाऊक होते. गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचा हा मुलगा वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळशाच्या खाणीत राबला, निरक्षर खाणकामगारांना वर्तमानपत्रे वाचून दाखवता दाखवता त्यांच्या आठवणी ऐकत गेला, १९१२ साली हार्वर्डचा डॉक्टर झाला, १९१५ मध्ये त्याने कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था काढली आणि १९२६ च्या फेब्रुवारीत तो इतिहास-सप्ताह सुरू केला, ज्याचा पुढे महिना झाला.

शॉम्बर्ग १९३८ साली वारले. त्यांच्या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या हार्लेममधील संशोधन-केंद्राने २०१३ साली भारतातील आफ्रिकनांविषयी प्रदर्शन भरवले, तेव्हा त्यात आपला मलिक अंबरही होता. दक्षिणेत मोगलांना वर्षानुवर्षे झुंजवणारा, खडकी वसवून तेथे नहरीचे पाणी खेळवणारा, जमिनीची प्रतवारी पाहून महसूल ठरवणारा निजामशाहीचा वजीर म्हणून आपण त्याला ओळखतो. परंतु अॅबिसिनियात जन्मलेला आणि बाजारात विकला गेलेला चापू नावाचा मुलगा तो हाच, एवढे आपल्याकडे ओझरते सांगून पुढे जाण्याची रीत आहे. हार्लेमच्या वाचकाला त्याच्या कारकिर्दीइतकेच ते बालपणही आपल्या घरचे वाटले असेल, आणि दख्खनच्या इतिहासकाराने ती विक्री, तो प्रवास आणि ते बदललेले नाव ह्यांना त्याच्या लढायांइतकीच पाने द्यावीत, असे मला मनापासून वाटते.