सरड्याच्या विष्ठेतली नवी जाती

रानातल्या सरड्याची विष्ठा पोटॅशियम डायक्रोमेटच्या पातळ द्रावणात काही दिवस ठेवली, की तिच्यातल्या कॉक्सिडिया या आतड्यातील परजीवींच्या पुटी पक्व होतात. पुटी म्हणजे जणू कवचबंद कुपी. लांबी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या आतल्या पिशव्या मोजायच्या. चार पिशव्या आणि प्रत्येकीत दोन बीजाणू असतील, तर वंश ‘आयमेरिया’. दोन पिशव्या आणि प्रत्येकीत चार असतील, तर ‘आयसोस्पोरा’. एकाच पिशवीत आठ असतील, तर ‘कॅरिओस्पोरा’. मग मापे, कवचाचे थर आणि डीएनए आधी नोंदलेल्या जातींशी ताडून पाहतात. नुसते वेगळेपण दिसून भागत नाही. सविस्तर वर्णन आणि दोनपदी नाव रीतसर प्रसिद्ध झाले, तरच विज्ञानाच्या दप्तरी नव्या जातीची नोंद होते.