मोबाईल म्हणतो, युरिया घाला!



नाबार्डचे मुख्य कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. तिकडे कामानिमित्त गेलो असता वांद्र्यातच पुतण्याकडे मुक्काम पडला. त्याने मोबाईलवरच्या चॅटबॉटला विचारले, "ऊस पिवळा पडलाय, काय करू?" क्षणात शुद्ध मराठीत उत्तर आले : नत्र कमी आहे, युरिया द्या. पोरगं खूश! पण माझ्या सरीत आठ दिवस पाणी तुंबलेलं, मुळ्या गुदमरलेल्या. तिथे युरिया म्हणजे पैसा पाण्यात. पाणी तुंबल्याचे लिहिल्यावर मात्र त्यानेच सांगितले, आधी चर काढा. मग पहिल्यांदाच का नाही विचारलं, बाबा?

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचा उसावरील प्रयोग निराळा. तिथे जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रह यांच्या नोंदींवरून पाणी-खताचा सल्ला मिळतो. हे रान बघून बोलणे झाले, म्हणून अधिक भरवशाचे. राज्याचे कृषी-एआय धोरणही २०२५ मध्ये मंजूर झाले. तरी पाणी द्या म्हटल्यावर मोटारीला लाईट असेल का, हे सेन्सरला कुठले ठाऊक!

आणि ऊसनोंद, तोडणीची तारीख, बिल हे कृपा करून चॅटबॉटला विचारू नये. गट ऑफिसात यावे, नाहीतर चिटबॉयला गाठावे.