उंटांच्या वाटांनी दाखवलेलं शिस्र

ओमानच्या दक्षिणेला सलाला शहर आहे. तिथून उत्तरेकडचा डोंगर ओलांडला की हिरवाई एकदम संपते. थुमरैत मागे टाकून डावीकडे वाळवंटात वळलं की सलालापासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास शिस्र लागतं. थोडी घरं, खजुराची झाडं आणि गावालगत जमीन खचून झालेला प्रचंड खड्डा. त्याच्या काठावर बुरुजांचे पाये आणि कंबरभर उंचीच्या दगडी भिंती उन्हात उभ्या आहेत.

ही जागा म्हणजे दंतकथेतलं शहर ‘उबार’, असं म्हणतात. कुराणात उल्लेख असलेलं, खांबांचं इरम ते हेच, असंही सांगितलं जातं. तिथले आद लोक संपत्तीने माजले, हूद पैगंबरांचं त्यांनी ऐकलं नाही आणि त्यांचा नाश झाला, ही कथा इकडे पोराटोरांनाही पाठ. बर्ट्रम थॉमस या इंग्रज प्रवाशाला १९३०च्या सुमारास बदूंनी वाळूतल्या जुन्या वाटा दाखवल्या होत्या. ‘ही उबारची वाट,’ असं ते म्हणाले होते.

थॉमसचं पुस्तक वाचून निकोलस क्लॅप हा अमेरिकी चित्रपटकार झपाटला. त्याने थेट ‘नासा’च्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीचं दार ठोठावलं. ऑक्टोबर १९८४मध्ये ‘चॅलेंजर’ यानातल्या रडारने हा भाग टिपला. पुढे लँडसॅट आणि स्पॉट या उपग्रहांची चित्रं रॉन ब्लॉम आणि सहकाऱ्यांनी तपासली. त्यांत गाव कुठेच दिसलं नाही. दिसल्या त्या वाटा. शतकानुशतकं उंटांच्या पायांखाली दाबली गेलेली जमीन अवरक्त प्रकाशात आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वेगळी उठून दिसते. काही वाटा तर वाळूच्या उंच टेकाडांच्या खाली शिरून पलीकडे बाहेर पडत होत्या, म्हणजे त्या टेकाडांहूनही जुन्या. त्यांतल्या कित्येक शिस्रकडे येत होत्या, कारण पाणी इथेच होतं.

बाकीचं काम खुरपी आणि ब्रशने केलं. पुरातत्त्वज्ञ युरिस झारिन्स यांच्या उत्खननात तटबंदी, बुरुज आणि दूरदेशीची खापरं मिळाली. फेब्रुवारी १९९२मध्ये बातमी जगभर गेली. पाण्यावर उभा असलेला किल्ला खालची चुनखडीची पोकळी ढासळल्याने खचला, असं उत्खनन करणाऱ्यांचं मत. हेच उबार का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. उबार हे गावाचं नव्हे, प्रदेशाचं नाव असावं, असं पुढे झारिन्सच म्हणाले.

वाळवंटातल्या या ठाण्याला वैभव आलं ते लुबानातून. लुबान म्हणजे इथल्या एका झाडाचा वाळलेला सुगंधी चीक; तोच लादून उंट या वाटांनी जात. सलालाच्या अल हाफा बाजारात एक आजीबाई लुबान निवडत बसल्या होत्या. पुढ्यात ढीग, हाताला चिकट पांढरी भुकटी. एकेक खडा उजेडाकडे धरायचा. हिरवट, काचेसारखा असला तर उजवीकडे, पिवळा-तांबूस असला तर डावीकडे. हिरवट तो ‘होजरी’, सर्वांत महाग. त्यांनी एक खडा मातीच्या मजमरमधल्या, म्हणजे धूपदाणीतल्या, निखाऱ्यावर टाकला. तो आधी फसफसला, मग लिंबासारखा वास देत धुरावला. झाडाची साल खरवडायची, चीक वाळू द्यायचा आणि पहिला उतारा बाजूला ठेवायचा, असं त्यांनी हातवारे करून सांगितलं. आपल्या मेळघाटातली सालई ही याच झाडाची चुलत बहीण.

आज ‘लुबानाची भूमी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वारसास्थळाचा भाग म्हणून शिस्र २०००मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. तरी पर्यटक पावसाळी सलालाच्या धबधब्यांवरच गर्दी करतात. ‘इथे आणलं तर दहा मिनिटांत परत चला म्हणतात,’ आमचे केरळी चालक म्हणाले. त्यात नवल नाही. दंतकथेतलं सोन्याचं शहर शोधत येणाऱ्याला इथे दगडच दिसणार. वाटांची कहाणी मोठ्या नकाशासह जागेवरच मांडली, तर तेच दगड बोलू लागतील.

सलालाला जाणार असाल, तर हिवाळ्यात एक दिवस शिस्रसाठी राखून ठेवा. भल्या सकाळी निघा, पाणी भरपूर घ्या आणि जाताना वाटेवरच्या वादी दौकातली लुबानाची झाडं बघा. झाड, वाट आणि पाणी या क्रमाने पाहिलं, तरच हे अवशेष समजतात.