पाचव्या थराचं गणित

काँक्रीटचा एक ठोकळा घ्या. 45 सेंटीमीटर लांब, 30 खोल, 20 उंच. वजन 35 किलोच्या आसपास, म्हणजे धडधाकट गडी एकटा उचलून ठेवेल एवढं. मधल्या पोकळीत खडी भरायची. सिमेंट-वाळूचा माल लागत नाही. ठोकळ्यावर ठोकळा रचत जायचं आणि मागे माती भरायची, झाली संरक्षक भिंत. असे चार थर रचले की भिंत 80 सेंटीमीटरची होते आणि मुकाट्याने वर्षानुवर्षं उभी राहते. मग घरमालकाला वाटतं, चाराचे आठ थर करू. ठोकळे दुप्पट लागतील, बाकी काय?

बाकी बरंच काही. ते कळण्यासाठी आधी मातीचं वजन मांडावं लागतं. दाबून भरलेला कोरडा मुरूम घनमीटरला सुमारे 1800 किलो भरतो. तो खाली दाबतो तसा बाजूलाही रेटतो. या बाजूच्या रेट्याचं गणित मांडलं शार्ल ऑग्युस्तँ कूलॉमने. हे नाव आपण शाळेत विद्युतभाराच्या एककामुळे शिकतो, पण हा माणूस मुळात फ्रेंच सैन्यातला इंजिनिअर. 1764 ते 1772 या काळात तो कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर किल्ल्याच्या बांधकामावर होता. परतल्यावर 1773 साली त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक निबंध वाचला. तो 1776 साली छापला गेला. त्यात त्याने दाखवलं की भिंतीवर मागची सगळी टेकडी येत नाही, येते ती एक पाचर. भिंतीच्या तळापासून तिरकी वर जाणारी एक घसरण-रेषा असते आणि त्या रेषेच्या अलीकडची मातीच रेटा देते. पुढे 1857 साली विल्यम रँकिनने हे गणित आणखी सुटसुटीत केलं. साध्या मुरमासाठी त्याचं उत्तर असं : माती जेवढी खाली दाबते, त्याच्या एक तृतीयांश ती बाजूला रेटते.

आता आकडे मांडू. एक मीटर उंच भिंतीच्या दर मीटर लांबीवर हा रेटा 300 किलोचा भरतो. दोन मीटर उंचीला 1200 किलो, तीन मीटरला 2700. दहा मीटरला 30 टन. उंची दहापट झाली, रेटा शंभरपट झाला. कारण खोल जावं तसा दाबही वाढतो आणि तो दाब झेलणारी भिंतही वाढते.

भिंत उलथते तेव्हा तर हिशेब याहून कडक होतो. हा सगळा रेटा जणू तळापासून एक तृतीयांश उंचीवर एकवटलेला असतो. भिंत उंच केली की रेटा वाढतो आणि तो ज्या उंचीवर लागतो तीही वाढते. म्हणून उलथवणारा जोर उंचीच्या घनाने चढतो. एक मीटरला 100 किलोग्रॅम-मीटर, दोन मीटरला 800, तीनला 2700 आणि दहाला 1 लाख. चाराचे आठ थर करणाऱ्या घरमालकाच्या भिंतीचं वजन दुप्पट होतं; तिला पाडू पाहणारा जोर मात्र आठपट होतो.

ठोकळ्याची रचना करणाऱ्याची खरी लढाई इथे आहे, आणि ती इंचांवर लढली जाते. खडी भरलेल्या अशा भिंतीचं वजन दर्शनी भागाच्या चौरस मीटरला साधारण 600 किलो. पाच थर ओळंब्यात सरळ उभे रचले तर एक मीटर उंचीची, मीटरला 600 किलो वजनाची भिंत होते. खोली 30 सेंटीमीटर, म्हणजे वजनाचा मध्य पुढच्या कडेपासून 15 सेंटीमीटर मागे. भिंतीला धरून ठेवणारा जोर 600 गुणिले 0.15, म्हणजे 90. उलथवणारा 100. भिंत हरली. चार थरांना हेच गणित 72 विरुद्ध 51 असं येतं, म्हणून ते उभे राहतात.

आता प्रत्येक ठोकळ्याच्या मागच्या खालच्या कडेला एक ओठ काढा. वरचा ठोकळा खालच्या ठोकळ्याच्या पाठीला अडकतो आणि आपोआप अडीच सेंटीमीटर, म्हणजे एक इंच, मागे बसतो. पाच थरांत मिळून भिंतीचा तोल सरासरी पाच सेंटीमीटर मागे सरकतो. 600 गुणिले 0.20, म्हणजे 120. तेच ठोकळे, तेवढंच काँक्रीट, पण भिंत जिंकली. शिवाय तो ओठ वरच्या थराला पुढे घसरू देत नाही, आणि गवंड्याला प्रत्येक ठोकळ्यापाशी फूटपट्टी लावावी लागत नाही. मला या इंचाचं फार अप्रूप वाटतं. सहाव्या थराला मात्र तोही पुरत नाही : 153 विरुद्ध 173. एका इंचाने एक थर दिला, त्यापुढे नाही. प्रत्यक्षात इंजिनिअर नुसत्या जिंकण्यावर समाधान मानत नाहीत, किमान दीडपट ते दुप्पट जोर हाताशी ठेवतात. म्हणून असे लहान ठोकळे स्वतःच्या वजनावर मीटरभराच्या आतच थांबवायचे असतात.

मग तीन मीटरच्या भिंती ठोकळ्यांनी कशा बांधतात? तीस सेंटीमीटर खोलीचे पंधरा थर सरळ रचले तर धरून ठेवणारा जोर 270 आणि उलथवणारा 2700. दहापट तफावत. ठोकळा जाड करून ती भरून काढायची म्हटलं तर क्रेनशिवाय न हलणारे टनाटनांचे ठोकळे लागतात. तसं बांधकामही होतं. पण दुसरी वाट आंरी विदाल या फ्रेंच इंजिनिअरने दाखवली. 1963 साली त्याने तिचं पेटंट घेतलं. मातीत थराथराने लांब पट्ट्या घालायच्या, त्यांचं पुढचं टोक दर्शनी फलकाला बांधायचं आणि वर माती दाबत जायचं. मातीचं वजनच पट्टी घट्ट धरतं. शहरातल्या फ्लायओव्हरच्या चढावावर दोन्ही बाजूंना एकमेकांत अडकवलेले काँक्रीटचे फलक दिसतात, ते या कल्पनेचं रोज समोरून जाणारं रूप. ठोकळ्यांच्या भिंतीत पट्ट्यांऐवजी प्लास्टिकची मजबूत जाळी, जिओग्रिड, वापरतात.

जाळी किती धरते? दोन मीटर मातीखाली गाडलेला एक चौरस मीटरचा तुकडा घ्या. त्याच्यावर 3600 किलो माती आहे. घर्षण वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही अंगांनी होतं. घर्षणाचा गुणक 0.4 धरला तरी तो तुकडा ओढून काढायला जवळजवळ तीन टन लागतात.

शंभर मीटर लांब आणि तीन मीटर उंच भिंतीचा हिशेब लावू. पायात गाडलेला थर सोडून सुमारे 3300 ठोकळे. आतल्या खडीसकट 180 टन. जाळीची लांबी उंचीच्या सत्तर टक्के ठेवायची रीत आहे, म्हणजे 2.1 मीटर. हा आकडा कूलॉमच्या पाचरीशी जोडलेला आहे : तीन मीटरच्या भिंतीमागे ती पाचर माथ्यावर पावणेदोन मीटर रुंद असते, आणि जाळीचं शेपूट तिच्या पलीकडच्या स्थिर मातीत रुतायला हवं. ठोकळ्यांमागे जाळीत बांधली गेलेली माती होते 630 घनमीटर, म्हणजे 222 ब्रास. वजन 1134 टन. दर 60 सेंटीमीटरला एक असे पाच थर धरले तर जाळी लागते सुमारे 1200 चौरस मीटर. चौरस मीटरला 400 ग्रॅम धरले तर सगळी मिळून अर्धा टन. अर्ध्या टन प्लास्टिकने अकराशे टन मुरूम एकसंध केला, आणि ते सगळं धूड आता मागच्या मातीला अडवतं. उलथण्याविरुद्धचा जोर जो एक दशांश होता, तो पावणेसहा पट झाला. म्हणजे रेटणाऱ्या मातीतूनच भिंत उभी राहिली. ठोकळे ही तिची दर्शनी कातडी.

ही कल्पना आपल्या देशात कुठवर नेली आहे ते सिक्कीममध्ये पाहावं. 2018 च्या सप्टेंबरात उद्घाटन झालेला पाक्योंगचा विमानतळ हिमालयाच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून 1400 मीटरच्या आसपास उंचीवर आहे. डोंगर एका बाजूने कापायचा आणि दरीच्या बाजूने भराव उचलून धावपट्टीला सपाटी द्यायची, असं ते काम. तिथे दगड भरलेल्या तारेच्या पेट्या आणि त्यांच्यामागे जाळ्या घालून उचललेला भराव काही ठिकाणी सुमारे 74 मीटर उंच आहे. चोवीस मजली इमारतीएवढा. तो तिरपा आणि टप्प्याटप्प्यांचा असल्याने वरचं सरळ भिंतीचं सूत्र तिथे जसंच्या तसं चालत नाही. पण घनाचा नियम किती निर्दय आहे हे कळावं म्हणून 74 चा घन करून पाहा : चार लाखांवर जातो.

एवढं सगळं कोरड्या मातीचं झालं. आपल्याकडे भिंती पावसाळ्यात पडतात.

पाणी बाजूला रेटताना एक तृतीयांशाची सवलत देत नाही, पूर्ण दाबाने रेटतं. तीन मीटरच्या भिंतीमागे वरपर्यंत पाणी साठलं तर दर मीटर लांबीवर पाण्याचाच रेटा साडेचार टन. बुडालेल्या मातीचा दीड टन वेगळा. पावणेतीन टनांसाठी बांधलेल्या भिंतीवर सहा टन येतात. उलथण्याच्या हिशेबात ती तीन मीटरची भिंत एका रात्रीत जवळपास चार मीटरची झालेली असते.

आणि यासाठी किती पाणी लागतं? पाण्याचा दाब खोलीवर ठरतो, साठ्यावर नाही. भिंतीच्या पाठीला चिकणमातीपासून फक्त एक सेंटीमीटरची फट पडली आणि ती भरली, तर मीटरभर लांबीत त्या फटीत मावतं 30 लिटर. दोन बादल्या. तेवढंच पाणी भिंतीला साडेचार टनांनी ढकलतं.

2 जुलै 2019 ला संपलेल्या 24 तासांत मुंबईत सांताक्रूझला 375 मिलिमीटर पाऊस झाला. एका गुंठ्यावर हे पाणी जवळजवळ 38 हजार लिटर होतं. त्या रात्री मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत वस्तीवर कोसळून पंचवीसहून अधिक माणसं गेली. तीनच दिवस आधी, 29 जूनला, पुण्याच्या कोंढव्यात भिंत मजुरांच्या खोल्यांवर पडून पंधरा जण मेले होते. भिंतीच्या पायथ्याशी नेहमी हीच माणसं राहतात, कारण दुसरी जागा त्यांना परवडत नाही. म्हणून ठोकळ्यांच्या ओठाइतकंच मला त्यांच्या सांध्यांचं महत्त्व वाटतं. माल न भरलेला सांधा पाणी सोडतो. कोकणातला सुक्या दगडांचा गडगा एवढ्या पावसात टिकतो त्याचं मोठं कारण हेच : पाणी त्याच्यामागे थांबतच नाही. काँक्रीटची सलग भिंत बांधली की ही सोय जाते, आणि पाणी जायला ठेवलेली भोकं मातीने बुजली की उरलीसुरलीही जाते.

सांधे मोकळे असले तरी त्यांच्यापर्यंत पाणी यायला वाट हवी. त्यासाठी ठोकळ्यांच्या पाठीला तळापासून माथ्यापर्यंत 30 सेंटीमीटर रुंदीचा निव्वळ खडीचा पट्टा, त्याच्या आणि मुरमाच्या मध्ये गाळणीचं कापड आणि तळाशी उताराला लावलेला भोकांचा पाइप एवढंच लागतं. आपल्या शंभर मीटरच्या भिंतीला खडी होते 90 घनमीटर, म्हणजे 32 ब्रास. 222 ब्रास मुरमापुढे ती थोडकी आहे, आणि काम झाल्यावर ती बाहेरून दिसत नाही. त्यामुळे पैसे वाचवायचे झाले की पहिली कात्री तिलाच लागते. भिंत बांधून घेणाऱ्याने या 32 ब्रासच्या गाड्या उतरताना मोजाव्यात, आणि प्रत्येक थर दाबण्याआधी खडीचा पट्टा खरंच 30 सेंटीमीटर भरतो का, ते टेप लावून बघावं.