निवणाऱ्या पाण्याचे गणित

चुलीवरून उतरवलेले पाणी निवते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण अर्ध्या तासाने त्याचे तपमान नेमके किती असेल? वाफेचे नळ, बॉयलर किंवा सौर बंब यांची आखणी करणाऱ्या अभियंत्याला अशा प्रश्नाचे उत्तर वस्तू तयार होण्यापूर्वीच काढावे लागते. त्यासाठी तो त्या घटनेचे गणिती प्रतिमान बनवतो. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवल्या जाणाऱ्या या विद्येचा श्रीगणेशा आपण एका पातेल्यावर करू.

समजा, झाकण घातलेल्या पातेल्यात १ लिटर पाणी आहे. पाण्याचे तपमान ९०° सें. आणि खोलीचे ३०° सें. दहा मिनिटांनी तपमापक ७८° दाखवतो. म्हणजे तपमान १२ अंशांनी उतरले. पुढे काय होईल?

सर्वांत सोपी कल्पना अशी, की दर दहा मिनिटांना १२ अंश उतरत जातील. मग तासाभराने पाणी १८° वर येईल, म्हणजे खोलीपेक्षाही थंड होईल! झाकलेले पाणी आपोआप असे होणे शक्य नाही. तेव्हा हे प्रतिमान बाद.

१७०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक लॅटिन निबंध लेखकाच्या नावाविना छापून आला. तो न्यूटनचा होता. पदार्थाची उष्णता जाण्याचा वेग पदार्थ आणि भोवताल यांच्या तपमानांतील फरकाच्या प्रमाणात असतो, हा त्यातील विचार. आपल्या उदाहरणात फरक ६० होता, तो ४८ झाला, म्हणजे ०.८ पट. तर पुढच्या दहा मिनिटांत तो पुन्हा ०.८ पट, म्हणजे ३८.४ आणि त्यानंतर ३०.७ होईल. अर्ध्या तासाने पाण्याचे तपमान ६०.७° असेल. फरक कमी होत जाईल, पण पाणी खोलीहून थंड कधीच होणार नाही.

आता ऊर्जेचा हिशेब पाहू. १ लिटर पाण्याचे तपमान १ अंशाने बदलण्यास सुमारे ४,२०० ज्यूल उष्णता लागते. १२ अंशांना ५०,४०० ज्यूल. ही उष्णता ६०० सेकंदांत गेली, म्हणजे सरासरी ८४ वॅट. या काळात फरक सरासरी ५४ अंश होता. म्हणून दर अंशामागे सुमारे १.५६ वॅट उष्णता बाहेर जाते.

हा एक आकडा फार उपयोगी आहे. पाणी सतत ९०° वर ठेवायचे तर ६० × १.५६, म्हणजे सुमारे ९४ वॅट लागतील; दिवसाला सव्वादोन युनिट वीज! भांड्याला लोकरीचे वेष्टण घालून हा आकडा निम्मा केला, तर खर्चही निम्मा होतो. इंधनाची बचत अशी आधी कागदावर सिद्ध होते.

परंतु प्रतिमान म्हणजे प्रत्यक्ष घटना नव्हे. आपण पातेल्याची स्वतःची उष्णता सोडून दिली आणि खोलीचे तपमान स्थिर मानले. झाकण काढले, की बाष्पीभवनाने बरीच जास्त उष्णता जाईल आणि वरील आकडे चुकतील. फरक मोठा असला की न्यूटनचा नियम पुरा पडत नाही, हे द्यूलाँ व पेती या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८१७ मध्ये दाखवले. प्रारणाने जाणारी उष्णता निरपेक्ष तपमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते, हे १८७९ मध्ये स्टेफानने मांडले. आज संगणक असे हजारो हिशेब क्षणात करतो. पण काय गृहीत धरले आहे, हे तपासण्याचे काम माणसालाच करावे लागते.

विद्यार्थिमित्रांनो, वरील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. खरे आकडे तुम्ही मिळवा. शिक्षकांच्या देखरेखीखाली दोन सारखी भांडी घ्या, एक झाका, दुसरे उघडे ठेवा. दर पाच मिनिटांनी तपमान टिपा, खोलीच्या तपमानाशी असलेला फरक काढा आणि प्रत्येक फरकाला आधीच्या फरकाने भागा. कोणत्या भांड्यात हे गुणोत्तर स्थिर राहते, कोणत्यात नाही? जेथे ते बदलेल, तेथे उष्णता आणखी कोणत्या वाटेने निसटते आहे, याचा शोध घ्या.